पाठ अठरा, पाय छत्तीस

भिलाईचा प्लांट उभा राहत होता, तेव्हा आमची इंजिनिअर्सची तुकडी तिथे रेल्वे साइडिंग टाकायला होती. मी नर्सिंग शिपाई, सातवी पास. आता कॉलेजात आहे, घरातला पहिलाच. तरी हे नीट लिहिता येईल की नाही, ठाऊक नाही.

सकाळी सहाला फॉल-इन, म्हणजे रांगेत हजेरी. सातला मेडिकल तंबू उघडायचा. तंबूचे प्रमुख हवालदार मेश्राम, नागपूरकडचे. आम्ही त्यांना उस्ताद म्हणायचो. भाजलेले मजूर रोज येत. कातडी लाल झाली तर वरवरचं, फोड आला तर मधलं, पांढरी कोरडी पडली तर खोल. किती भाजलं ते अंगाचे नऊ-नऊ टक्क्यांचे भाग पाडून मोजायचं, हात नऊ, पाय अठरा, छाती-पोट अठरा, पाठ अठरा; आणि निम्म्याहून जास्त अंग खोल भाजलेला सहसा वाचत नाही, हेही उस्तादांनीच शिकवलं. मजूर भाजल्यावर ग्रीस फासून येत. समारू नावाच्या मजुराला ते एकदा म्हणाले, "तू काय इंजिन होय का बे, ग्रीस लावाले?"

एके दिवशी अकरा वीसला ठिणगी उडून तेलाचा ड्रम पेटला. उस्तादांनी आगीत शिरून समारूला बाहेर ओढलं. समारूची छाती, पोट आणि उजवा हात फोडांनी भरला होता. तो ओरडत होता. उस्ताद मागून चालत तंबूत आले आणि खांब धरून उभे राहिले.

"मले दुखत नाही. त्याले पाह्य."

फौजेत 'सब ठीक' असाच रिपोर्ट देतात. मी तो खरा मानला आणि समारूला ड्रेसिंग केलं. फील्ड टेलिफोनवर उत्तर आलं, ॲम्ब्युलन्सला चाळीस मिनिटं. सलाइनची बाटली एकच होती. ती घ्यायला वळलो तेव्हा उस्तादांची पाठ दिसली. पांढरी, कोरडी. जळालेल्या पँटखाली पायही तसेच. दुखत नव्हतं, कारण नसाच जळाल्या होत्या. त्यांना ते ठाऊक होतं.

"उस्ताद, बाटली तुमाले लावतो."

"पाठ अठरा, दोन पाय छत्तीस. बेरीज कर."

"चौपन्न."

"समारूची?"

"सत्तावीस."

"मंग त्याले लाव. हुकूम आहे."

सुई दुसऱ्या वेळी समारूच्या शिरेत गेली.

ॲम्ब्युलन्स बारा वाजून पाच मिनिटांनी आली. तिच्यात उस्तादांनाही सलाइन लावलं. तिसऱ्या दिवशी दुपारी ते गेले. समारू वाचला.

बाटली कोणाला, हे मला ठरवावं लागलं असतं तर मी आजही ठरवतच बसलो असतो. उस्तादांनी हुकूम दिला आणि ते ओझं सोबत नेलं. त्यांचे आभार मानायचे राहिले, ते इथे मानतो.

हवालदार मेश्राम. वय एकेचाळीस.