हार्डवेअरवाल्याचं दफन झालं त्या दिवशी मी दुकान बंद ठेवलं

अमेरिकेत नेवाडाच्या वाळवंटात, जेमतेम चारशे वस्तीच्या गावात, मी बावीस वर्षं किराणा विकला. दारात पेट्रोलचा एक पंप. चाळीस मैलांवर मोठं सुपरमार्केट उघडलं तेव्हा सगळे म्हणाले, हा आता बऱ्हाणपूरला परत जाणार. गेलो नाही. माल तिकडे स्वस्त होता, पण माझं दुकान कधीच बंद नसायचं. नाताळला उघडं, वादळात उघडं, बायको बाळंत झाली त्या दिवशीसुद्धा उघडं. गाव माझ्याकडे टिकलं होतं ते एवढ्याच एका गोष्टीवर.

समोर एका म्हाताऱ्याचं हार्डवेअरचं दुकान. रोज सकाळी कॉफी न्यायला आला की म्हणायचा, "अरे, एकदाचा मर तरी. तेवढीच सुट्टी."

"काका, तुमचा नंबर आधी."

आणि खरंच तो आधी गेला.

आमच्या बऱ्हाणपूरच्या बाजारात व्यापारी गेला की आजूबाजूची दुकानं बंद होतात, आणि अंत्ययात्रा पुढून जाईपर्यंत दुकानदार पायरीवर हात जोडून उभे राहतात. माझ्या वडिलांनी हे कधी चुकवलं नाही, वैऱ्यासाठीसुद्धा नाही.

बायको म्हणाली, "अहो, लोकांना सामान लागेल. दुकान उघडं ठेवा."

"तुझ्या माहेरच्या, निंबोल्याच्या केळीवाल्यांना बाजाराची रीत काय कळणार?"

दफनाच्या दिवशी दाराला कुलूप, पंपाला साखळी. कडक इस्त्रीचा पांढरा झब्बा घालून मी पायरीवर उभा राहिलो. एका ट्रकवाल्यानं काच खाली केली.

"बर्फ आहे?"

मी नमस्कार केला.

"चार पिशव्या."

मी आणखी वाकून नमस्कार केला. मग त्यानंही हात जोडले आणि गेला.

दफनानंतर सगळं गाव मयताच्या घरी जेवतं आणि जेवण शेजारीपाजारी माझ्याच दुकानातल्या सामानाचं करून घेऊन जातात, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण त्या दिवशी मला फक्त माझी रीत दिसत होती.

संध्याकाळी म्हाताऱ्याची बायको आली.

"तो सगळ्यांना सांगायचा, जग बुडालं तरी हा माणूस दुकान उघडेल. त्या भरवशावर मी घरात काही आणून ठेवलं नाही. साठ माणसांना नुसतं नळाचं पाणी दिलं."

"आमच्याकडे व्यापारी गेला की बाजार बंद ठेवतात," मी म्हणालो. "त्याच्या मानासाठी."

"तो इथला होता," ती म्हणाली.

भांडायला कुणी आलं नाही. भांडले असते तर मिटवता तरी आलं असतं. लोक हसून बोलायचे, हवापाण्याची चौकशी करायचे आणि चाळीस मैल जाऊन सामान आणायचे. दीड वर्षात आम्ही दुकान गुंडाळलं आणि बऱ्हाणपूरला परत आलो.

इथं लग्नाकार्यात पाहुणे मला घेरून हा किस्सा सांगायला लावतात. मीही रंगवून सांगतो. ट्रकवाल्याच्या नमस्काराला हमखास हशा पिकतो, आणि मी तिथंच थांबतो. बायको तोवर उठून आत गेलेली असते.