कबूल म्हणा अन् मोकळे व्हा!

वकिलांच्या खोलीत चारजण पान जुळवत बसले, की खुनाचे खटले कुणी सांगत नाही. ते निकालाबरोबर संपतात. किरकोळ खटले मात्र साचत जातात. मी आधी धारला आणि मग देवासला वकिली केली. तेवढ्यात असे किती साचले!

आमच्या ओळखीचे एक मास्तर होते. कुत्र्याला मारलेला दगड शिपायाच्या गुडघ्याला लागला. बस, एवढंच! कोर्टात कारकून कानाशी पुटपुटला, "कबूल म्हणा अन् मोकळे व्हा. कोण हेलपाटे घालील?" मास्तर कबूल म्हणाले, दंड भरला, घरी जेवायला गेले.

चार वर्षांनी हेडमास्तरची जागा निघाली. यादीत मास्तरांचं नाव पहिलं. तर वरून विचारणा आली: 'अर्जदार सजायाफ्ता आहे काय?'

मास्तर तो कागद घेऊन माझ्याकडे आले. "वकीलसाहेब, सजायाफ्ता म्हणजे... मी?"

सजा झालेला तो सजायाफ्ता, आणि कागदोपत्री दंड हीही सजाच!

धरमपुरीच्या एका नावाड्याला होडीत माणसं जास्त घेतली म्हणून एकदा दंड झाला होता. तेव्हापासून घाटावर तांब्या हरवला तरी शिपाई याच्याच दारात! एक दिवस हा आपणहून धारला माझ्या ओट्यावर हजर.

"काय रे, काय केलंस?"

"कुछ नी, साब. घाटावर एका बाईची नथ गेली. म्हटलं, ते यायच्या आत आपणच वकील करावा!"

मी पोट धरून हसलो आणि त्याला परत पाठवला. घाटावर पाय ठेवताच त्याला धरला. नथ बाईच्याच बोचक्यात सापडली, तोवर हा पाच दिवस कोठडीत! तो माझा हसण्याचा आवाज अजून कानात आहे.

एका गुरवावर समईचं तेल चोरल्याचा आळ आला, सजा झाली. मी अपील लढवलं. निर्दोष! पेढे घेऊनच देवळात गेलो. पंच म्हणाले, "निर्दोष सुटला ना? म्हणजे खटला झाला होता तर!" गुरवकी गेली ती गेलीच.

आणि सखाराम तांबट. देवासात तेव्हा दोन राज्यं, आणि बाजारातला रस्ता हीच सरहद्द. शिमग्याच्या ढकलाढकलीत सखारामने पलीकडच्या एकाचं पागोटं उडवलं. माझ्याकडे यायच्या आधीच हाही कबूल म्हणून बसला! पलीकडच्या हद्दीतून वर्षभर तडीपार. घर अलीकडे होतं, म्हणून हसतच आला.

पण थोरल्या मुलीचं लग्न जमलं ते पलीकडच्या घरात, आणि कार्यही तिथंच ठरलं. एका दिवसाच्या परवानगीसाठी मी अर्ज केला. मुहूर्त आला, परवानगी नाही आली. कन्यादान चुलत्याने केलं. सखाराम नवं उपरणं घेऊन रस्त्याच्या अलीकडे उभा, शेजारी मी.

अक्षता पडल्यावर पोर बाशिंगासकट रस्त्याच्या कडेला आली आणि तिथूनच वाकली. याने इथून हात वर केला.

पलीकडच्या शिपायाने ते पाहिलं आणि चक्क पाठ फिरवली. "जाओ भिया, मैंने कुछ नी देखा."

"अहो जा! चारच पावलं!" मी सखारामला म्हटलं.

तो दोन पावलं मागे सरला.

"नको वकीलसाहेब. अजून दोघी लग्नाच्या आहेत."