व्याह्यांच्या मनगटावरची बावन्न मिनिटे

शनिवार, ११ फेब्रुवारी २०२३. सकाळचे दहा वाजून चाळीस मिनिटे. रायपूरच्या सदर बाजारातील एका अरुंद दुकानात, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, मी एका महागड्या घड्याळाची नक्कल विकत घेतली. नकली आहे हे ठाऊक असून घेतली. दुकानदाराने मला फसवले नाही.

"बाबूजी, फर्स्ट कॉपी है," तो म्हणाला. "शादी-ब्याह में पहनिए, समधी भी नहीं पहचानेगा."

समधी म्हणजे व्याही. त्याने तो शब्द सहज वापरला. मला तो लागला, कारण घड्याळ व्याह्यांसाठीच होते.

त्या दुपारी एका हॉलवर नातीचे साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होते. माझा मुलगा नऊ वर्षांपूर्वी गेला. तेव्हापासून तिच्या वडिलांच्या जागी मी उभा राहतो. आधीच्या भेटीत नवऱ्यामुलाच्या वडिलांनी माझ्या मनगटाकडे दोनदा पाहिले होते. तिथे माझे चावीचे जुने घड्याळ होते, पट्टा दोऱ्याने शिवलेला. रेल्वेतली सदतीस वर्षे मी त्याच घड्याळावर काढली. घरी आल्यावर सून एवढेच म्हणाली, "बाबा, पोरीच्या मागे कोणी नाही असं त्यांना वाटायला नको." ते वाक्य पुढे डोक्यातून गेले नाही.

दुकानातून निघालो तेव्हाच अस्वस्थता सुरू झाली. अस्सल घड्याळाचा सेकंदकाटा सरकत जातो. याचा टकटक उडत होता. वर सोनेरी झिलई आणि आत सेल. मी कोटाची बाही खाली ओढली. पण नमस्काराला दोन्ही हात लागतात. त्या दुपारी निम्मे नमस्कार मी मानेनेच केले.

नात जवळ आली. तिला मराठी समजते, उत्तरे हिंदीत येतात.

"आबा, हाथ ऐसे क्यों पकड़े हो? दुख रहा है क्या?"

"नाही."

"अरे, नई घड़ी! दिखाओ ना."

"नंतर."

अंगठ्या झाल्या. मग व्याहीभेट. आमच्या आणि त्यांच्या, दोन्ही घरांत रीत अशी की व्याह्यांनी गळाभेट घ्यायची आणि अंगावरची एक वस्तू एकमेकांना द्यायची. आजवर ती वस्तू म्हणजे उपरणे. मी नवे उपरणे खांद्यावर घेऊनच आलो होतो. व्याही सुटात होते. त्यांच्या खांद्यावर काही नव्हते. ही शक्यता मी विचारात घेतली नव्हती.

"काकाजी, उपरणं तर मी आणलंच नाही," ते हसून म्हणाले आणि मनगटावरचे घड्याळ सोडू लागले. "हे घ्या, अंगावरचं आहे. तुम्ही बी तेच द्या. घड्याळाले घड्याळ!"

टाळ्या पडल्या. मागून कोणी ओरडले, "काकाजी, जपून! व्याही मुरलेले आहेत!" सगळे हसले. नाही म्हणण्याचे एकही कारण मला सुचले नाही. मी नकली घड्याळ काढून त्यांच्या मनगटावर चढवले. कडी दुसऱ्या प्रयत्नात बसली. तेव्हा एक वाजून अठरा मिनिटे झाली होती.

पंगतीत ते माझ्या समोर बसले. शेजारच्या भावाला त्यांनी मनगट दाखवले. भाऊ वाकून पाहू लागला.

"ढिलं होऊन राहिलं," व्याही मला ऐकू येईल असे म्हणाले. "सोमवारी शोरूममध्ये नेतो, दोन कड्या काढून घेतो."

शोरूममधला माणूस एकच वाक्य बोलेल. ते वाक्य नातीच्या सासरी पोहोचेल आणि तिथेच राहील. ऐकून घेणे तिच्या वाट्याला येईल, माझ्या नव्हे. मी ताट तसेच सोडून उठलो.

दोन वाजून दहा मिनिटांनी हात धुण्याच्या नळाजवळ ते एकटे सापडले.

"ते घड्याळ नकली आहे," मी म्हणालो. "आज सकाळी सदर बाजारातून घेतलं. हे तुमचं परत घ्या."

ते सावकाश हात पुसत राहिले. "काटा मले तेव्हाच दिसला. तुम्ही कधी सांगता, ते पाहून राहिलो होतो."

"मग बोलला का नाहीत?"

"मी काहून बोलू? घड्याळ तुमचं."

बावन्न मिनिटे. रेल्वेत असतो तर एवढ्या विलंबाचे लेखी कारण द्यावे लागले असते.

"आणि बाकीचं?" त्यांनी विचारले. "पोरीची नोकरी, घर?"

"सगळं खरं आहे. कागद दाखवतो."

"कागद नको. ते दोऱ्यानं शिवलेलं घड्याळ कुठं आहे? ते आणा. अंगावरचं म्हणजे ते."

मी रिक्षाने चौबे कॉलोनीत घरी गेलो. सकाळी चावी द्यायची राहिली होती. घड्याळ बंद पडले होते. चावी दिली, वेळ लावली, परत आलो. व्याह्यांनी नकली घड्याळ माझ्या हातात ठेवले आणि जुने बांधून घेतले. आपले मात्र परत घेतले नाही.

"हे काय, पुन्हा अदलाबदल?" त्यांच्या भावाने विचारले.

"ते मनगटाले बसत नव्हतं," व्याही म्हणाले. ते हसले नाहीत.

निघताना त्यांनी मला नमस्कार केला. आधीपेक्षा कमी वाकले, की मला तसे वाटले, हे मी सांगू शकत नाही. लग्न ठरल्या दिवशी झाले. तरीही सांगू शकत नाही.

घरी सुनेने विचारले, "मी आत बायकांत होते. व्याह्यांशी सगळं नीट झालं ना, बाबा?"

"झालं."

व्याह्यांचे घड्याळ कपाटात ठेवायला मी तिच्याकडे दिले. मग स्वयंपाकघरातून सुरी आणली, तिच्या टोकाने नकली घड्याळाचे मागचे झाकण उघडले आणि सेल काढून ठेवला.