मंगलाष्टकांची फाइल आणि रॅमचा वेग

महाडात लग्नांचं शूटिंग करून माझं पोट भरतं. एडिटिंगचा कॉम्प्युटर रडतखडत चालायचा आणि मला धीर कधीच नव्हता. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. ऐन लगीनसराईत मी प्रोसेसर ओव्हरक्लॉक केला, म्हणजे कंपनीनं ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त पळवला.

ज्या सेटिंगनं प्रोसेसरचा वेग वाढला, त्यानंच माझ्या मशीनमध्ये रॅमचाही वाढत होता. रॅम आधीच तिच्या कमाल वेगावर. तिला एक पायरी खाली आणायला हवं, हे मी वाचलं होतं. पण मग कमावलेला वेग थोडा हातचा जातो, म्हणून आणलं नाही. प्रोसेसर तापतो का, तेवढं तासभर पाहिलं. महाडच्या उन्हाळ्यात आम्हाला धास्ती तापण्याचीच. रॅमची चाचणी केलीच नाही.

रॅम चुकली म्हणून मशीन बंद पडतंच असं नाही. कधी ती गुपचूप चुकते आणि कॉपी केलेली फाइल बिघडवून ठेवते. वरंधजवळच्या वाडीतलं एक लग्न मी दुपारी कॉपी केलं, कॅमेऱ्याचं कार्ड पुसलं आणि संध्याकाळी पोलादपूरचं लग्न त्याच कार्डावर घेतलं. आठवड्यानं एडिटिंगला बसलो. हळद होती, वरात होती, जेवणावळ होती. मंगलाष्टकांची फाइल काही केल्या उघडेना.

पेनड्राइव्ह न्यायला नवरीची आई स्वतः आली. आमच्याकडे मुलीवर अक्षता पडताना आईनं बघायचं नसतं. ही बाईही तेव्हा मागच्या दारी तुळशीपाशी, मांडवाकडे पाठ करून बसली होती. शूटिंगचा हट्ट तिचाच होता.

मी खरं ते सांगितलं. प्रोसेसर, रॅम, वेग, सगळं. लाज वाटत होती, म्हणून गरजेपेक्षा जास्तच बोललो. तिनं ऐकून घेतलं.

"मशीनचं ऱ्हाऊ दे, दादा. तू व्हतास ना समोर? माजी पोर कशी दिसत व्हती? रडली नाय ना?"

मी अंतरपाटापासून चार हातांवर होतो. फोकस बघत होतो, उजेड बघत होतो, बॅटरी किती उरली ते बघत होतो.

"हसत होती, काकी," मी म्हणालो.

तिनं पदरानं डोळे टिपले आणि पुढं सांग म्हणाली. मला काहीच आठवत नव्हतं.