इलाइतिया मास्तरांची माफी

आमच्या कांदावू बेटावर इलाइतिया मास्तरांसारखं अक्षर कुणाचं नाही. मी गावच्याच शाळेत शिकलेला, पण अक्षर मला कळतं. साथीत शाळा बंद झाली तेव्हा मास्तर रोजचा धडा हातानं लिहायचे, फोटो काढायचे आणि पालकांच्या ग्रुपवर टाकायचे. आम्ही नुसते बघत राहायचो!

मास्तरांच्या वर्गातल्या तारुसिलाकडून मात्र एकही उत्तर येईना. शेवटी मास्तरांनी ग्रुपवर लिहिलं, "तारुसिला हुशार आहे, पण आळशी झालीय."

या पोरीला जन्मापासून दिसत नाही. वर्गात शेजारची मैत्रीण फळा वाचून दाखवायची, म्हणून मास्तरांना कधी काही अडलं नव्हतं. घरी तिच्यापाशी राजधानीतून, सुवाहून आलेला, वाचून दाखवणारा फोन. पण तो वाचणार टाइप केलेलं. फोटो आला की म्हणायचा, "चित्र". अख्ख्या साथीत त्यानं मास्तरांची एकच ओळ वाचून दाखवली, ती आळशीची.

शाळा उघडली. तारुसिला म्हणाली, मी जाणार नाही. तेव्हा तिच्या आजीनं तो फोन मास्तरांच्या कानाला लावला. चित्र. चित्र. चित्र. मास्तर तडक माझ्याकडे आले, म्हणाले, माफी मागायचीय.

मोठी चूक झाली की आमच्यात यंगोनाची, म्हणजे ज्याचं पेय करून सगळे मिळून पितात त्या झाडाची, मुळं घेऊन माफी मागायला जातात. चुकलेला माणूस मान खाली घालून गप्प बसतो, बोलतो दुसराच. बोलायला अर्थात मी, गावातला सगळ्यात बोलका म्हातारा! तारुसिलाच्या घरी मुळं चटईवर ठेवली आणि मास्तरांच्या पणजोबांच्या होडीपासून सुरुवात केली.

आजीनं मुळांना हात लावला. म्हणजे माफी मिळाली. मी रीतीप्रमाणे टाळ्या वाजवणार, तोच तारुसिलानं विचारलं, "आजोबा, सर नाही आले?"

"अगं, हे काय, समोर बसलेत! डोकं बघ कसं गुडघ्याला टेकलंय."

"मी कशी बघू?"

टाळ्यांसाठी उचललेले हात मी खाली घेतले.

"माफी आजीला मिळाली," ती म्हणाली. "मला कुणी काही म्हणालंच नाही."

मग रीत मोडून मास्तर बोलले. "मी इथंच आहे, पोरी. धडे पाठवताना तू माझ्या मनातही आली नाहीस. आणि वर तुलाच आळशी म्हणालो."

"मग पहिला धडा वाचा."

"आत्ता? अगं, यंगोना तरी पिऊन होऊ दे," आजी म्हणाली.

"आत्ता."

मास्तरांनी फोनवरचा फोटो उघडून वाचायला घेतलं आणि चौथ्या ओळीला थांबले.

"पुढं?"

"पुढं... 'शेजारची आकृती पाहा' असं लिहिलंय मी."

कुणी हसलं नाही. मास्तरांनी तिचं बोट धरून चटईवर त्रिकोण काढला. सावकाश. मग पुन्हा एकदा.

"सोमवारी येते," ती म्हणाली. "पण आळशी ग्रुपवर म्हणालात ना? मग तिथंच लिहा."

मास्तर एका बोटानं टाइप करत बसले. थोड्या वेळानं तारुसिलाचा फोन आपल्या कोरड्या आवाजात बोलला, "तारुसिला आळशी नव्हती. चूक माझी. इलाइतिया."

मास्तरांनी तोंड फिरवलं. तारुसिलानं फोनला ती ओळ पुन्हा वाचायला लावली.