जुन्या कॉम्प्युटरसाठी घरी दळलेलं लिनक्स

नातवंडांनो, तुमच्या बाबाने कॉलेजात वापरलेला कॉम्प्युटर घेऊन मी आमली भागातल्या दुरुस्तीच्या दुकानात गेले, तेव्हा दुकानदाराने तो उघडूनसुद्धा पाहिला नाही. "काकी, छोडो ने, भंगार में दे दो," म्हणाला. रिक्षातून तसाच परत आणला, तर घरी तुमच्या आजोबांनीही तेच ऐकवलं, फक्त मराठीत. आमच्या डोकमर्डीत भंगारवाला दर रविवारी येतो. "येत्या रविवारपर्यंत चालला तर ठेव," ते म्हणाले, "नाहीतर मी स्वतः खाली नेऊन देणार."

मला तो हवा होता. फोनच्या काचेवर माझी बोटं घसरतात, दोन ओळींपुढे लिहवत नाही. या कीबोर्डवर मात्र मी निवृत्त होईपर्यंत शाळेच्या प्रश्नपत्रिका टाइप केल्या. तुम्हाला सविस्तर लिहायचं तर याच्यावरच. बाबा म्हणाला, नवा लॅपटॉप पाठवतो. मी म्हटलं, आधी जुना मेला आहे का ते तर पाहू.

त्यातली सिस्टिम बिघडली होती. लिनक्स नावाची दुसरी सिस्टिम फुकट मिळते हे मला ठाऊक होतं, पण हा प्रोसेसर बत्तीस बिटांचा, आणि तयार लिनक्स देणाऱ्या बहुतेकांनी अशा म्हाताऱ्या यंत्रांचा नाद सोडलेला. शेवटी एक असं लिनक्स सापडलं की जे तयार मिळतच नाही. थालीपिठाच्या भाजणीचं पाकीट न आणता धान्य आणून घरीच भाजावं, दळावं, तसं. प्रोग्रामचा मूळ मजकूर, म्हणजे सोर्स, उतरवून घ्यायचा आणि आपल्याच यंत्राकडून त्याला झेपेल असा दळून घ्यायचा.

सूचना इंग्रजीत, पानंच्या पानं. मी वर्गात सांगत असे तशीच वाचली: ओळ गाळायची नाही, कळल्याशिवाय पुढे जायचं नाही. पहिल्याच दिवशी काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं धावू लागली आणि मला परीक्षेत पहिली आल्यासारखं वाटलं.

दुपारी झोपून उठले तर यंत्र बंद. पुन्हा लावलं. दुसऱ्या दुपारी पुन्हा बंद. अर्धवट राहिलेला प्रोग्राम परत पहिल्यापासून दळायचा. मी वायर बदलली, मेमरी काढून पुसून बसवली, सूचना पुन्हा वाचल्या.

"त्याला वामकुक्षी लागते," आजोबा म्हणाले. "तुझ्यासारखीच."

"अहो, तुम्ही चहा टाका."

शुक्रवारी मी घरातली सगळी कव्हरं धुवायला काढली. सायलीच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या ट्रकांमुळे इतकी धूळ उडते की टीव्ही, मिक्सर, शिलाई मशीन आणि कॉम्प्युटर, सगळ्यांना मी जुन्या पडद्यांची कव्हरं शिवली आहेत. जेवणं झाली की आडवं होण्याआधी एकेक झाकायचं, ही माझी वर्षानुवर्षांची शिस्त. त्या दिवशी कव्हरं दोरीवर वाळत होती. उठून पाहते तर अक्षरं अजून धावत होती! मागे हात धरला, तर त्याच्या आतल्या पंख्यातून येणारी हवा तव्यावरच्या वाफेसारखी. तेव्हा कळलं. दिवसभर राबणाऱ्या यंत्राला मी रोज दुपारी जाड पडद्यात कोंडत होते. बिचारं तापून बंद पडत होतं.

आजोबा पोट धरून हसले. "अगं, गोधडीत गुंडाळून पळायला लावलंस त्याला!" मग मात्र स्वतःच टेबलफॅन आणून त्याच्यामागे लावला.

पुढचं दळण अखंड चाललं. रविवारी सकाळी मी यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं. एका ओळीमागून एक ओळ आली, पडदा निळा झाला आणि मधोमध बाण उभा राहिला. मी माऊस हलवला, बाण हलला. घरात कोणी नसतं तर नाचले असते. आजोबा होते, तरी थोडी नाचलेच.

तेवढ्यात खालून भंगारवाल्याची हाक आली. मागच्या रविवारी आजोबांनी त्याला कॉम्प्युटर कबूल करून ठेवला होता, म्हणून तो थेट दारात आला.

"चाचा, कम्प्युटर?"

"नहीं मिलेगा," आजोबा छाती काढून म्हणाले. "चालू हो गया. बाजार का नहीं, हमने खुद घर में बनाया!"

"हमने?" मी आतून ओरडले.

"मग? चहा कोण टाकत होतं?"

मी टाइप करायला लागले होते. मराठी अक्षरं उमटू लागली होती, आणि तुमच्यासाठीची पहिली ओळ अर्धी लिहून झाली होती.