कापूस बघायला आलेले पाहुणे

एक सांगा, कापसाच्या बाबतीत विश्वास कोणावर ठेवावा? पिकवणाऱ्यावर, घेणाऱ्यावर, की मधल्यावर? मी स्वतः अडत्या, म्हणजे मधलाच. तेव्हा माझं उत्तर धरू नका, किस्से ऐका. पंचवीस वर्षं अमरावतीच्या राजापेठेत पेढीवर बसल्यावर किस्से असे साचतात की रुईच्या ढिगासारखे पायांत येतात!

परदेशी पाहुणे बोलवायचं कारण असं. आमचा कापूस मुंबईला जाई, तिथून विलायतेला. वाटेत त्यात काय काय मिसळलं जाई ते देवाला ठाऊक, पण नाव बद्दू वऱ्हाडचं. म्हणून मी आणि नानासाहेब वकिलांनी ठरवलं की परदेशी गिरणीवाल्यांना इथंच बोलवायचं. शेत दाखवू, माणसं दाखवू. एकाने जरी आमच्याकडून थेट कापसाच्या गाड्या घेतल्या, तरी नाव धुऊन निघेल!

नानासाहेबांचं इंग्रजी कोर्टातलं. माझं गठाणींवरचे छाप वाचून शिकलेलं.

०

पहिला पाहुणा इटलीचा. त्याला अमरावतीच्या कापूस बाजारात नेलं. तिथं एक दलाल आणि एक शेतकरी उपरण्याखाली एकमेकांचा हात धरून, डोळ्याला डोळा भिडवून उभे. आमच्याकडे भाव असाच ठरतो, कापडाखाली बोटं दाबून. बाकीच्यांना कळू नये म्हणून.

साहेबाला गहिवरून आलं. "वा! इथं माणसं एकमेकांवर किती प्रेम करतात!"

तेवढ्यात शेतकऱ्याने हात झटकून ओढून घेतला. "बोटं मोडतं काय बे? एवढ्यात तं मी सरकीबी देनार नाही!"

साहेबाने नानासाहेबांकडे पाहिलं. नानासाहेब शांतपणे म्हणाले, "प्रेमात थोडे मतभेद असतातच."

तो पाहुणा कापूस न घेताच गेला. पण खूश होऊन गेला.

०

मग जपानचे एक साहेब आले. त्यांना अकोल्याच्या बाजारात घेऊन गेलो. साहेब भारी टिपणबाज! वहीत सगळं लिहायचे. गाडीचं चाक केवढं, जू केवढं. एका शेतकऱ्याला त्यांनी विचारलं, "बैलांची नावं काय?"

"ढवळ्या न् पवळ्या." साहेबांनी लिहून घेतलं.

झालं! बैलांची नावं सायेब वहीत लिहून राहिला म्हणून बाजारभर बोभाटा. गाड्या सोडून माणसं रांगेत. "माह्या सर्ज्याचं राह्यलं!" "आमच्या दोघाईचं लिवा ना जी!" लिलाव बंद, दलाल हात चोळत बसलेले.

शेवटी एक जण म्हणाला, "घरी एक गोऱ्हा हाय, त्याचं नाव अजून ठेवलं नाही. सायेबालेच ठेवू द्या."

साहेबांनी आपल्या थोरल्या भावाचं नाव दिलं. दर्यापूरकडे त्या शेतकऱ्याच्या गावात 'इचिरो' अशी हाक मारली की अजून एक बैल मान वर करतो!

कापूस? त्या दिवशी कोणीच विकला नाही, तर साहेब घेणार कुठून?

०

तिसरा जर्मन. त्याला आधी वरूडला संत्र्याचा बगीचा दाखवला. मालक सोलत गेले, साहेब खात गेला. बारावं संत्रं हातात आलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला. नानासाहेब कानाशी म्हणाले, "साहेब, 'नको' म्हणा."

"नको!"

मालक हसले आणि आणखी दोन सोलले. पाहुण्याचं पहिलं 'नको' आमच्याकडे धरत नाहीत.

दुसऱ्या दिवशी पेढीवर मी विचारलं, "मग गाड्या घ्यायच्या ना?"

"नको!"

"हे पहिलं," मी म्हटलं.

"नको, नको, नको!"

वऱ्हाडी शिकवली कोणी? आम्हीच!

०

आता हार्डिंग साहेबांचं. लँकेशायरचे गिरणीवाले, कडक माणूस. बडनेरा स्टेशनवर उतरले तेच पांढऱ्या सुती कोटात. म्हणाले, "माझ्याच गिरणीचं कापड. सगळ्यात वरचं."

चांदूर बाजारजवळ सरजाबाईंच्या शेतावर नेलं. विधवा बाई, पण तीस एकराचं शेत एकट्या पाहायच्या. साहेबांनी ढिगातून कापूस उचलला, दोन अंगठ्यांत धरून ओढला, मान हलवली.

"सायेब कावून मान हालवून राह्यले?" बाईंनी विचारलं.

नानासाहेबांनी चाचरत सांगितलं, "त्यांना मुंबईत सांगितलंय की वऱ्हाडात चांगल्या कापसात फरदड मिसळतात." फरदड म्हणजे अगदी शेवटच्या वेचणीचा कापूस, आखूड धाग्याचा.

बाई पुढं आल्या. साहेबांच्या बाहीला एक धागा लोंबत होता तो ओढला, नखाने त्याचा पीळ उकलला, आणि दोन अंगठ्यांत धरून ताणला. फुस्स! लगेच तुटला.

"फरदड हे हाय," बाई म्हणाल्या. "माह्या वावरातून नाही गेली. ज्यानं तुमाले देल्ली, त्याले ईचारा."

नानासाहेब आभाळ बघू लागले. तेव्हा गठाणींवरच्या इंग्रजीत मीच भाषांतर केलं. पंचवीस वर्षांचं नाव त्या बाहीवर टांगलेलं.

साहेबांनी कोट काढला. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसले. एक धागा ओढला, ताणला. दुसरा, तिसरा. अर्धी बाही उसवली. मग बाईंचा कापूस पुन्हा उचलून ताणला. बराच वेळ ताणला.

"किती गाड्या आहेत?" एवढंच विचारलं.

पुढल्या हंगामात विलायतेहून पाकीट आलं. आत कापडाचे चार तुकडे आणि साहेबांची एक ओळ: बाजारात काढण्याआधी हे त्या बाईंना दाखवावे.

मी शेतावर गेलो. बाईंनी तीन तुकडे उसवून पाहिले आणि मान डोलावली. चौथ्याचा धागा ताणला, "फरदड," म्हणत माझ्याकडे पाहिलं, आणि मी उत्तर लिहायला दौत-टाक काढला तशा म्हणाल्या,

"शेठ, सायेब तुमचा सोयरा झाला म्हनून गोड लिवू नका. म्या सांगतलं तसंच लिवा."